कोणाच्या शब्दावर शिकायला जावं?

एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं, या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजतच प्रमाण असतं; ते खोटं म्हणायचं तर खोटं म्हणणाऱ्यानं कारण दाखवावं. नैयायिकांना हे पटत नाही. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, ओंजळ भरली, तहान भागली, तेव्हा कुठे ते पाणी होतं, मृगजळ नव्हतं, हे ठरलं. मी उमेदीची सगळी वर्षं श्रीगोंद्याच्या पोरांना अकरावी-बारावीचं तर्कशास्त्र शिकवलं. हा वाद अभ्यासक्रमात नव्हता, तरी दरवर्षी एक तास काढून मी तो सांगायचो. आता निवृत्तीनंतर तोच वाद उन्हाळ्यात माझ्या ओसरीवर येतो, एमबीएच्या माहितीपुस्तिकेच्या रूपानं.

गेल्या वर्षी तालुक्यातल्याच एका गावातून मायलेकी आल्या. घरी लिंबोणीची बाग, थोडा ऊस, मुलगी बी.कॉम. झालेली, सीईटीत मध्यम गुण. पुण्याजवळच्या एका संस्थेची पुस्तिका त्यांनी बाजेवर उघडून ठेवली. गुळगुळीत कागद, परदेश दौऱ्याचे फोटो, आणि शेवटच्या पानावर ओळीनं गोल शिक्के. एकात पृथ्वीगोल, एकात पानांची माळ, एकात सिंह. मुलगी नखानं एकेक शिक्का दाखवत होती. निम्म्या शिक्क्यांखाली ते कोणी दिले हे धड लिहिलेलंही नव्हतं. एक आयएसओचा होता. तो कामकाजाच्या पद्धतीला मिळतो आणि एखाद्या दूध डेअरीलाही मिळू शकतो. वर्गात काय शिकवतात याच्याशी त्याचा संबंध नाही.

आई म्हणाली, "सर, एवढे शिक्के हायेत म्हंजी चांगलंच असंल ना?"

हा प्रश्न भाबडा नाही. ज्याच्या घरात याआधी कोणी एमबीए झालेलं नाही, ज्याचा पुण्यात एकही ओळखीचा साहेब नाही, त्यानं दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही तर कशावर? शहरातल्या शिकलेल्या घरात चुलत्याला फोन लावला की कॉलेजचं खरंखोटं कळतं. श्रीगोंद्याच्या आईला शिक्काच वाचावा लागतो. म्हणून 'शिक्क्यात काय आहे, गुणवत्ता महत्त्वाची' असं कोणी सहज म्हणालं की मला राग येतो. तसं म्हणणं त्यालाच परवडतं ज्याच्याकडे दुसरी वाट आहे.

त्या पुस्तिकेत जो शिक्का असायला हवा होता तोच नव्हता. एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, हिची मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालवायची परवानगी. त्यापुढची पायरी मूल्यांकनाची: नॅक संस्थेला श्रेणी देते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला पारखते. दोन्ही १९९४ साली सुरू झाल्या. परदेशातली एएसीएसबी तर १९१६ पासूनची. पण आमच्या तालुक्यातल्या मुलीसाठी यातली पहिली पायरीच सगळ्यात मोठी, आणि तिचं कारण अगदी रोकडं आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेरीतून प्रवेश घेतला तरच राज्याची फीसवलत लागू होते. २०२४ पासून तर आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. शिक्क्यांनी भरलेल्या त्या संस्थेत यातलं काहीच मिळणार नव्हतं. बाग गहाण पडली असती.

मुलीनं मात्र नेमका प्रतिवाद केला, आणि मला तिचं कौतुक वाटलं. म्हणाली, "सर, हैदराबादच्या आयएसबीला पण एआयसीटीईची मान्यता नव्हती ना?" खरं आहे. आयएसबी २००१ साली सुरू झाली, त्या मान्यतेवाचून वाढली, आणि देशातल्या पहिल्या फळीत जाऊन बसली. आयआयएमचंही तसंच. अहमदाबादची आयआयएम १९६१ची. पण २०१७चा आयआयएम कायदा येईपर्यंत या संस्था पदवी नव्हे, पदविका देत होत्या. पदविका म्हणून कुठल्या कंपनीनं नाक मुरडलं नाही. दुसऱ्या बाजूला आयआयपीएम. वर्तमानपत्रांची अख्खी पानं भरून जाहिराती करणाऱ्या त्या संस्थेला २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एमबीए, बीबीए हे शब्द वापरायला मनाई केली. दोन्हींकडे तीच मान्यता नव्हती. मग फरक कसा ओळखायचा?

इथे नैयायिकांचं मत मला अधिक कामाचं वाटतं, पण त्याला एक जुनं दुखणं आहे. ज्ञानाला बाहेरचा साक्षी हवा, तर त्या साक्षीला कोण साक्षी? आणि त्याला? याला ते अनवस्था म्हणतात. हे पोथीतलं कोडं राहिलेलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्या माणसांनाच अटक केली. ती बातमी वाचून मला रात्री झोप लागली नाही. बियाण्याच्या पिशवीवरची निळी खूणचिठ्ठी खोटी निघाली तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. इथे पोराच्या उमेदीची दोन वर्षं जातात, वर कर्ज राहतं.

अनवस्थेतून वाट काढताना मला वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा आधार वाटतो. कोणाचा शब्द प्रमाण धरावा? ज्यानं ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, त्याचा. तो आप्त. आणि वात्स्यायन पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. ही ओळ शिकवताना मला दर वेळी आमचे शेख महंमद महाराज आठवतात. मुसलमान घरात जन्मलेला माणूस सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहितो आणि श्रीगोंद्याचं ग्रामदैवत होतो. कुठल्या धर्मसभेनं त्यांना प्रमाणपत्र दिलं होतं? तरीही ते निव्वळ एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांच्यामागे चांद बोधल्यांची गुरुपरंपरा होती, आणि मालोजीराजांनी त्यांना इथे आणून मठ बांधून दिला असं परंपरा सांगते. म्हणजे शिक्का त्यांच्याकडेही होता. पण राजाश्रय जाऊन शतकं लोटली, आणि माणसं अजून समाधीपुढे उभी राहतात ती मालोजीराजांच्या शब्दाखातर नव्हे.

याहून मोलाची मला तेरची कथा वाटते. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव तेव्हा कोणी साधे नव्हते. विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता अशी ख्याती होती. तरी परीक्षा झाली, आणि निकालही लागला. पण गोरोबांनी नामदेवांना पक्कं केलं नाही. ते काम औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांकडून झालं, आणि विसोबा भेटले कसे, तर पिंडीवर पाय टेकून पडलेले. कुठलीही पाहणी समिती त्यांना पहिल्याच फेरीत नापास करून परत गेली असती. मूल्यांकन कच्चेपणा दाखवू शकतं, आणि ते फार मोठं काम आहे. नामदेवांना ते कोणी सांगितलं नसतं तर ते औंढ्याला गेलेच नसते. घडवणारा मात्र वेगळा शोधावा लागतो आणि त्याच्या अंगावर शिक्का असेलच असं नाही.

म्हणून मी मायलेकींना दोन कामं सांगितली. पहिलं, ज्या कॉलेजचं नाव एआयसीटीईच्या संकेतस्थळावर आणि कॅपच्या यादीत नाही, ते आपल्यासाठी नाहीच. आयएसबीचं उदाहरण ज्याच्या पाठीशी तेवढं नाव आणि तेवढा पैसा आहे त्यानं द्यावं. दुसरं, यादीत जी उरतील तिथे प्रत्यक्ष जायचं आणि ऑफिसात नाही, कँटीनमध्ये बसायचं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारायचं: कोणत्या मास्तरांचा तास तुम्ही चुकवत नाही? ग्रंथालय किती वाजता बंद होतं? नोकरी लागलेल्यांपैकी तुमच्यासारख्या गावाकडून आलेल्या दोघांचे फोन द्याल का? आणि सांगणाऱ्याला प्रवेशामागे पैसे मिळतात का, हेही विचारायचं. मुलीनं तो शेवटचा प्रश्न पुस्तिकेवरच्या नंबरला फोन लावून माझ्यासमोरच विचारला. पलीकडचा माणूस "मॅडम, सीटा भरत आल्यात" एवढंच दोनदा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दोघी दौंडमार्गे पुण्याला जाऊन आल्या. नॅकची श्रेणी मध्यमच असलेलं एक कॉलेज मुलीला आवडलं होतं. तिथले वित्तविषयाचे एक सर खऱ्या कंपन्यांचे ताळेबंद वर्गात फळ्यावर उलगडतात, आणि त्यांच्या तासाला बाहेरच्या तुकडीची पोरंही मागे येऊन उभी राहतात, असं तिला तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं. वसतिगृह लांब आहे, इंग्रजी जड जाईल, हेही तिनं वहीत लिहून आणलं होतं. आईनं विचारलं, "मग ह्योच अर्ज पहिला टाकायचा ना, सर?" मी म्हणालो, "हो, हाच पहिला टाका. आणि उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलमधून काढायला घ्या, त्याला वेळ लागतो."