दारू : आजार की निवड?



घरभेटीला गेलो की आम्हांला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. विचारणारी बहुधा कोणाची तरी आई किंवा पत्नी असते. "फादर, डॉक्टर म्हणतात हा आजार आहे. घरचे म्हणतात हा नाद आहे, मनात आणलं तर आज सोडेल. मी काय समजू?" हा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकी नसतो. आजार म्हटले तर त्याची सेवा करायची, नाद म्हटले तर त्याला घराबाहेर काढायचे. ह्या दोहोंच्या मध्ये तिची कित्येक वर्षे गेलेली असतात. आज आपण ह्या प्रश्नाकडे शुभवर्तमानाच्या उजेडात पाहू या.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी पडलेला एक मनुष्य आपल्याला भेटतो. तो अडतीस वर्षे आजारी आहे. प्रभू येशू त्याच्याजवळ येतो आणि त्याला बरे व्हायची इच्छा आहे का, असे विचारतो. आजाऱ्याला असे कोणी विचारते का? पण येशू विचारतो. तो मनुष्य सरळ होकार देत नाही. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही, एवढेच गाऱ्हाणे तो सांगतो. प्रभू त्याला उठवतो, अंथरूण उचलायला लावतो, आणि पुढे मंदिरात भेटल्यावर पुन्हा पापाकडे वळू नकोस, अशी ताकीद देतो. एकाच मनुष्याच्या बाबतीत येशू आजार पाहतो, इच्छा विचारतो, मदतीला कोणी नाही हे ऐकून घेतो आणि जबाबदारीही सोपवतो. ह्यातली एक गोष्ट धरून तो बाकीच्या सोडून देत नाही.

आता आजाराची बाजू पाहू. सुरुवातीला मनुष्य मौजेसाठी पितो. पुढे त्याच्या मेंदूला आणि शरीराला दारूची इतकी सवय होते की, ती नसली तर सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात. मग तो मौजेसाठी पीत नाही, हात स्थिर राहावेत म्हणून पितो. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की, ह्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. म्हणूनच एकाच टेबलावर बसलेल्या चौघांपैकी तिघे उठून घरी जातात आणि चौथा तिथेच अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दारूच्या अवलंबित्वाचा समावेश आहे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आहे.

मग निवड कुठे गेली? ती आहे. क्षयाचे जंतू न विचारता छातीत शिरतात. दारूचा पेला मात्र कोणीतरी हाताने उचलावा लागतो. आपल्या सांगली जिल्ह्याकडे पाहा. तासगावच्या द्राक्षांचे बेदाणे होतात, पलूसला त्याच फळाच्या वाइनसाठी वाइन पार्क उभारले गेले. उसापासून साखर होते आणि उरलेल्या मळीपासून मद्यार्क होतो. फळ देवाने दिले, त्याचे काय करायचे हे मनुष्य ठरवतो. पहिला पेला घेणाऱ्याने काहीतरी निवडलेले असते, आणि तो पुढे करणाऱ्यानेही.

परंतु ही निवड सगळ्या टप्प्यांवर सारखी मोकळी राहत नाही. आपली ख्रिस्तसभा हे जाणते. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २२९० मध्ये, अन्न, दारू, तंबाखू ह्यांचा अतिरेक टाळावा अशी शिकवण आहे. पण त्याच ग्रंथाचा १७३५ वा परिच्छेद सांगतो की, भीती, दडपण, सवय, अनावर आसक्ती आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणांनी मनुष्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी कधी नाहीशीही होऊ शकते. कृत्य वाईट असू शकते आणि ते करणाऱ्याचा दोष तरीही कमी असू शकतो. तो किती, हे देव जाणतो. म्हणून मयताच्या दिवशी शवपेटीशेजारी उभे राहून "दारूनेच गेला, स्वतःच्या कर्माने गेला" असे कुजबुजण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मिस्साबलिदानात धर्मगुरूने द्राक्षारस प्राशन करणे आवश्यक असते. पण धर्मगुरूही ह्या आजाराला बळी पडतात. १९९५ साली रोमहून निघालेल्या पत्रात दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने 'मुस्तुम', म्हणजे मद्यार्क जवळजवळ नसलेला द्राक्षरस, वापरण्याची मुभा दिली गेली. २००३ मध्ये ह्या सूचना पुन्हा स्पष्ट करण्यात आल्या. काहींच्या बाबतीत एक घोटही घातक ठरतो, हे खुद्द वेदीवरही ध्यानात घेतले गेले आहे. मग बारशाला, लग्नाला, नाताळाच्या जेवणाला "एका पेगने काय होतंय, पाव्हणं?" असा आग्रह आपण कशाच्या आधारावर करतो?

बंधू-भगिनींनो, आता दोन माणसांकडे पाहू. पहिला आयर्लंडमधील डब्लिन शहराचा मजूर मॅट टॅल्बट. जन्म १८५६ चा. बाराव्या वर्षी दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच पिऊ लागला. एकदा दारूसाठी त्याने एका आंधळ्या वादकाचे व्हायोलिन चोरून विकले. १८८४ साली एकदा हाती मजुरी नव्हती. कोणी मित्र पाजेल म्हणून तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने पाजले होते ते पुढे निघून गेले. तो घरी परतला आणि तीन महिने दारू न पिण्याची शपथ घेतली. मग सहा महिन्यांची घेतली, मग आयुष्यभराची. जुनी उधारी त्याने फेडली. जवळपास ४१ वर्षे त्याने थेंबाला स्पर्श केला नाही. ७ जून १९२५ रोजी मिस्सेला जाताना वाटेतच त्याचे निधन झाले. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले.

दुसरा चीनमधील डॉक्टर, संत मार्क जी तियानशियांग. गरिबांवर तो फुकट उपचार करी. पोटाच्या दुखण्यावर त्याने अफू घेतली आणि अफूने त्याला पकडले. तो पापनिवेदनाला जाई, पुन्हा तेच पाप सांगे. शेवटी सुधारण्याचा त्याचा निर्धार खरा नाही असे मानून त्याला पापक्षमा नाकारण्यात आली. व्यसन हा आजार असू शकतो ही समज त्या काळी नव्हती. जवळजवळ तीस वर्षे तो कम्युनियनविना राहिला, पण प्रार्थना सोडली नाही, चर्च सोडले नाही. अफू मात्र सुटली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात त्याला कुटुंबासह पकडले. त्याने श्रद्धा नाकारली नाही. आपल्या माणसांपैकी कोणीही एकटे मरू नये म्हणून आपल्याला शेवटी मारावे, अशी त्याने विनंती केली, असे सांगतात. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी चीनच्या १२० हुतात्म्यांना संत घोषित केले, त्यांत तो आहे.

एकाची दारू सुटली, दुसऱ्याची अफू सुटली नाही. ख्रिस्तसभेने दोघांनाही आपल्यापुढे ठेवले आहे. मॅटला पाहून कोणी निराश होऊ नये आणि मार्कला पाहून कोणी प्रयत्न सोडू नये. आजाराने मार्कची बरीचशी निवड हिरावून घेतली होती, पण जी उरली होती ती त्याने देवाला दिली. पिणाऱ्याजवळही बहुधा एवढीच लहानशी निवड उरते : कोणालातरी हाक मारायची. तो तेवढी करो, आणि ती ऐकायला आपण जागेवर असलो पाहिजे. बेथेस्दाच्या मनुष्याला माणूस हवा होता.

अशी माणसे झाली आहेत. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए. ची सुरुवात झाली. दारुड्याला रुग्णालये दारात उभी करत नसत, त्या काळात तिथल्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया ह्यांनी १९३९ पासून अशा रुग्णांना खाटा मिळवून दिल्या. बरा होऊन निघणाऱ्याला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत आणि सांगत, पुन्हा प्यायची वेळ आली तर आधी हा मला परत आणून दे. रुग्ण म्हणून खाट आणि मनुष्य म्हणून शब्द, दोन्ही त्यांनी दिले. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी 'परिवर्तन' संस्थेतून व्यसनमुक्तीचे काम उभे केले. ह्या सर्वांची श्रद्धा एक नव्हती. पण पडलेल्याला उचलताना त्यांनी आधी दोष मोजत बसण्याचे काम केले नाही.

आता ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी.

१) वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडू नका. त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवता येते.

२) "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलू नका. जेवणात गुपचूप गोळी मिसळली आणि तो बाहेर प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे असे होऊन जिवावर बेतू शकते. अंगारा-धुपाऱ्यावरही पैसे घालवू नका.

३) आजार आहे म्हणून मार सहन करायचा नसतो. ताप आलेल्यालाही कोणी बायकामुलांवर हात उगारू देत नाही. जिवाला धोका असेल तर सुरक्षित ठिकाणी जा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुमच्या पाठीशी आहे, आणि ख्रिस्तसभेचा कायदाही अशा वेळी पती-पत्नीला वेगळे राहण्याची मुभा देतो. त्यात पाप नाही.

४) त्याची उधारी फेडणे, कामावर खोटे निरोप पाठवणे थांबवा. आजाऱ्याला औषध द्यायचे असते, त्याच्या आजाराला खुराक नव्हे.

५) पुन्हा प्याला तर "बघा, सोंग होतं" असे म्हणू नका. मधुमेह, रक्तदाब उलटतात, तसे हेही उलटते. मॅटने आधी तीनच महिन्यांची शपथ घेतली होती. ए.ए. मध्येही फक्त आजच्या दिवसापुरते ठरवतात.

आणि जो स्वतः पितो त्या आमच्या भावाला, बहिणीला आमचे सांगणे एवढेच : तुला आजार आहे म्हणून तू वाईट नाहीस. पण मधुमेह झालेल्यालाच गोळी घ्यावी लागते, ती शेजाऱ्याने घेऊन चालत नाही. चर्चच्या मागच्या बाकावर बस, पण ये. पापनिवेदनाला दहाव्यांदा तेच सांगावे लागले तरी ये.

आपल्या धर्मग्रामाचेही काम आहे. सिनेमात ख्रिस्ती माणूस दाखवायचा तर हातात बाटली द्यायची, ही जुनी रीत आपल्याला बोचते. ती रागावून पुसली जाणार नाही. ज्या घरात लग्न, बारसे किंवा नाताळ दारूविना होईल त्या घराला कमीपणा येऊ नये, एवढे तरी आपण मिळून करू शकतो. कोणाच्या घरी ही अडचण असेल तर मिस्सेनंतर आम्हांला भेटा. नाव बाहेर जाणार नाही.

ज्या आईने आम्हांला प्रश्न विचारला तिला आमचे उत्तर असे : बाई, हा आजार आहे, आणि त्यातून उठण्यासाठी त्याला रोज निवडावे लागेल. त्याने निवडावे म्हणून तू प्रार्थना कर, पण त्याचा भार एकटीने वाहू नकोस. तो आपल्या सर्वांचा आहे.

हे प्रभू येशू, तळ्याकाठी अडतीस वर्षे पडलेल्याला तू ओलांडून गेला नाहीस. आमच्या घरांत, गल्लीत, रस्त्याकडेला पडलेल्यांनाही ओलांडून जाऊ नकोस. त्यांना बरे होण्याची इच्छा दे, त्यांच्या कुटुंबांना बळ दे, आणि आम्हांला त्यांच्यासाठी माणूस कर. आमेन.