पहारा आणि संशय

२०२४ च्या एप्रिल महिन्यात, लोकसभेच्या मतदानाला चार-पाच दिवस उरले असताना, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आईसह मिशनच्या ओसरीवर आला. १९ एप्रिलला चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत मतदान व्हायचे होते. एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून दिवसभर केंद्रावर बसण्याचे त्याने कबूल केले होते. मोबदला घ्यायचा नव्हता. मतदान यंत्रांविषयी इतके उलटसुलट ऐकल्यावर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा. आईला मात्र ते रुचले नव्हते. तिचा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवडणूक आली की त्याला दूरच्या कुठल्यातरी केंद्रावर पाठवतात. ती म्हणाली, "फादर, ह्याच्या मामासमोर उद्या कोणी असा चोर पकडायला बसला, तर ह्याला चालेल का?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याविषयी वाईट ग्रह करून घेणे हा त्याच्या अब्रूवरचा घाला होय, असे आपणच मुलांना धर्मशिक्षणात सांगतो. मग ज्याने काहीही केलेले नाही, त्याच्यावर नजर ठेवणे हा सद्गुण कसा?

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे याविषयीचे विवेचन आम्हांला अभ्यासावे लागे. त्या वेळी ते रुक्ष वाटले होते. माणसाविषयी शंका असेल तेव्हा तिचा निर्णय त्याच्या बाजूने करावा, असे ते सांगतात. परंतु त्याच ठिकाणी एका आक्षेपाला उत्तर देताना ते पुढे म्हणतात, की एखाद्या अनर्थावर उपाय योजायचा असेल तेव्हा वाईटात वाईट शक्यता गृहीत धरणे हितावह. कारण मोठ्या आजाराला पुरणारे औषध लहान आजाराला सहज पुरते. निवाडा करणे वेगळे आणि खबरदारी घेणे वेगळे. मी त्या माउलीला एवढेच विचारले, की रात्री दाराला कडी लावता, ती शेजारी चोर आहे म्हणून का?

आता तो तरुण तेथे करणार काय होता? मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला, प्रतिनिधींच्या देखत अभिरूप मतदान घेतात. किमान ५० मते नोंदवून यंत्रातील बेरीज आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून पाहतात. मग ती मते पुसून, चिठ्ठ्या बाहेर काढून, यंत्राला मोहोर लावतात. पुसण्याचे राहून गेले, तर सरावाची मते खऱ्या मतांत मिसळतात. त्यात कट नसतो. पहाटेची घाई आणि अपुरी झोप असते. अशी चूक होऊ शकते म्हणूनच निवडणूक आयोगाने तिच्यासाठी वेगळी कार्यपद्धती ठरवून ठेवली आहे. मतदान संपल्यावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब 'सतरा-सी' नमुन्यात लिहून त्याची प्रत प्रतिनिधीला देतात. मोजणीच्या दिवशी यंत्र वेगळा आकडा दाखवू लागले, तर बोट ठेवायला तोच कागद. हे सारे कंटाळवाणे काम आहे. यंत्राविषयी सर्वांत मोठ्याने बोलणारे पहाटे साडेपाचला तेथे क्वचितच दिसतात, असे मला वाटते.

यंत्राच्या पोटातील चिप मात्र कोणाही प्रतिनिधीला दिसत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ साली त्यांच्याकडील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तो याच कारणाने: मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाविना पडताळता आले पाहिजेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या जुळवण्याची २०१९ पासूनची व्यवस्था कायम राहिली. कोणाला हे पुरेसे वाटेल, कोणाला नाही. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे. "मी पाहिलेल्या यंत्रात सर्व जुळले" हे वाक्य खरे असू शकते. "सारी यंत्रे निर्दोष आहेत" आणि "सारी यंत्रे खोटी आहेत" ही दोन्ही वाक्ये त्याच्या तोंडी शोभत नाहीत.

फिलिपिन्समध्ये १९९१ पासून धर्मग्रामांतील प्रापंचिकांची एक संघटना निवडणुकीवर लक्ष ठेवत आली आहे, आणि ती कोणत्याही उमेदवाराची नसते. तेथे २०१० साली मतदानाला आठवडा उरला असताना, चाचणीत यंत्रे मते चुकीची मोजताना आढळली आणि हजारो मेमरी कार्डे बदलावी लागली. आपल्याकडे मतदान प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार उमेदवाराचाच आहे. धर्मगुरूने पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये असा चर्चचा कायदा असल्याने मी त्या बाकावर कधी बसलो नाही, बसणारही नाही. प्रापंचिकाला ती मोकळीक आहे, पण तिच्यासोबत एक परीक्षाही येते. म्हणून मी त्या तरुणाला विचारले, "यंत्रातला दोष तुझ्याच उमेदवाराच्या फायद्याचा निघाला, तर बोलशील?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बोलावं तर लागेलच, फादर. पण त्यांना आधी सांगून ठेवतो." खरोखरच त्या उमेदवाराच्या कार्यकर्त्यांना त्याने तसे सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही. परंतु त्या केंद्रासाठी दुसरा कोणी मिळत नव्हता.

(यंत्राकडे पाहताना मतदारयादीकडे दुर्लक्ष नको, हेही येथेच नमूद करतो. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीपूर्वी आमच्या राजुरा मतदारसंघात नव्या नावांचे हजारो ऑनलाइन अर्ज बनावट आढळले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. ते यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी, अर्जांच्या छाननीतच उघडकीस आले.)

मतदानानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर तो भेटला. त्याच्या केंद्रावर सर्व जुळले होते. आकडे त्याने वहीत उतरवून घेतले होते आणि ते दाखवताना किंचित निराशही दिसत होता! आई मागे उभी होती. तिच्या भावाला या खेपेस गडचिरोलीच्या आतल्या भागातले केंद्र मिळाले होते, जेथे दुपारी तीनलाच मतदान संपले. तेथे कोणत्याही उमेदवाराचा प्रतिनिधी आला नव्हता. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटे वाट पाहून त्याने आपल्या सहकाऱ्यांसमोरच सरावाची मते घेतली, पुसली आणि मोहोर लावली. परत आल्यावर तो बहिणीला म्हणाला होता, "ताई, कोणीतरी समोर बसायला हवं होतं. उद्या कोणी काही म्हटलं, तर माझ्या बाजूने सांगायला कोण आहे?"