‘उद्या येतो’

वडिलोपार्जित घराची डागडुजी करावयास आपण कधी गावी गेला असाल, तर ‘उद्या येतो’ या शब्दांची ओळख आपणांस खचितच असेल. मागे एका मे महिन्यात कोकणातील आमच्या घराचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी मी गेलो होतो. रिपा वाळवीने पोखरल्या होत्या. कौले उतरवून अंगणात रचली. पण सुतार येईना. तालुक्याहून आणलेले खिळे आखूड निघाले, ते बदलून आणण्यात एक दिवस गेला. मृग नक्षत्र आठवड्यावर आले, तेव्हा माझा धीर सुटला.

रागाने मी त्याचे घर गाठले. तो स्वतःच्या छपरावर बसून शाकारणी करीत होता. “शब्द दिला होतास ना?” मी विचारले. तो खाली उतरला व म्हणाला, “दादा, नाही म्हटलं असतं, तर पुन्हा मला हाक मारली असती का?”

आता विचार करा. त्याने शब्द मोडला, हे खरेच. गरिबीमुळे असत्य सत्य होत नाही. परंतु ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला मी दिली होती काय? साऱ्या गावाची छपरे एकाच महिन्यात दुरुस्त व्हायची असतात, हे ठाऊक असून मी रजेच्या सोयीने मे महिन्यात आलो. माझा पगार चालूच होता. त्याची पावसाळ्यातील चूल मात्र लोकांच्या मर्जीवर होती. नकार ऐकून घेण्याची ज्याची तयारी नसते, तो खोट्या होकारात भागीदार असतो.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. तशी कौले आजही अनेक घरांवर आहेत. प्रत्येक कौल शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते. एक सरकले की घरात पाणी येते.

त्या दिवशी मी त्याच्या अंगणात उभा राहून त्याला कौले देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. पाऊस आला तेव्हा आमचा एक कोपरा उघडाच होता, आणि तेथील धान्य भिजले. ती हानी मला आजही बोचते. तथापि आता मी फेब्रुवारीतच विचारतो, “यंदा जमेल का? नसेल तर तसे सांग.” एकदा तो ‘नाही’ म्हणाला. त्या नकाराचा मला आनंद झाला.

वाचकहो, आपल्याला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आपल्या दारी राबणाऱ्या कोणाला आहे?