न आलेल्या बाईचे मत

मतपत्रिकेवर दोनच चित्रे. एक बाटली उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दारूचे दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. ना पक्ष, ना उमेदवार, ना जाहीरनामा. महाराष्ट्रात मतदाराला माणूस न निवडता थेट प्रश्नावर कौल देता येतो, असे प्रसंग विरळाच. गावातल्या किंवा वॉर्डातल्या दारू दुकानाविरुद्धचे हे मतदान त्यांपैकी एक.

२००८ च्या शासन आदेशाने त्याची रीत घालून दिली. किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, प्रशासनाने त्या सह्या पडताळायच्या आणि मग गुप्त मतदान घ्यायचे. इथवर सगळे सरळ आहे. गोम शेवटच्या अटीत आहे. आडवी बाटली जिंकायची तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते तिला पडावी लागतात.

समजा, गावात हजार महिला मतदार आहेत. सहाशे जणी रांगेत उभ्या राहिल्या, ४९० जणींनी आडवी बाटली निवडली आणि ११० जणींनी उभी. विधानसभेच्या निवडणुकीत असा निकाल लागला असता तर गुलाल उधळला गेला असता. इथे मात्र दुकान दुसऱ्या दिवशीही उघडते. ज्या चारशे जणी आल्याच नाहीत, त्यांची मते न मागता उभ्या बाटलीच्या खात्यात जमा झालेली असतात.

आमदार-खासदारांना हा हिशेब लागू नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झाले. घरी बसलेले ३९ टक्के कोणाच्याच खात्यात गेले नाहीत. आलेल्यांमध्ये ज्याला सर्वाधिक मते, तो सर्वांचा प्रतिनिधी.

‘नोटा’चे नशीब त्याहून वेगळे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तो पहिला आला असता तरी आमदार उमेदवारांपैकीच कोणी झाला असता. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये निराळा आदेश काढला: ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे एकाच मतदाराचा तोच नकार नगरपालिकेत निवडणूक रद्द करू शकतो आणि विधानसभेत नुसता मोजला जातो.

ग्रामसभेत तर गैरहजेरी चक्क सोयीची ठरते. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावाच्या नावाने होणारा ठराव मग मूठभरांनी हात वर केल्यावर मंजूर होतो.

दारूबंदीच्या कडक अटीमागे तर्क नाही, असे नव्हे. परवाना सरकारनेच दिलेला असतो, दुकानदाराची रोजीरोटी त्यावर असते. चार जणींच्या रागाने तो रद्द होऊ नये, हे बरोबरच. पण मग ग्रामसभेतल्या गायरानाच्या किंवा निधीच्या ठरावाला तितकी जपणूक का नसावी? माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ एका ठिकाणी ‘आहे ते चालू द्या’, दुसऱ्या ठिकाणी ‘काही म्हणणे नाही’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘तुमचे तुम्ही ठरवा’ असा लावला जातो. हा अर्थ नागरिक ठरवत नाही. नियम लिहिणारा ठरवतो.

बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांना हे गणित फार लवकर कळते. मतदार यादीत मयत सासूचे नाव असते, लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकीचे असते, ऊसतोडीला गेलेल्या जावेचे असते. यादीवर आहेत तोवर या तिघीही उभ्या बाटलीच्याच बाजूने धरल्या जातात. म्हणून घोषणांच्या आधी यादी घेऊन बसावे लागते: सासूचे नाव वगळण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा, लेकीचे नाव सासरच्या यादीत गेले का ते पाहायचे, आणि जावेला मतदानाच्या दिवशी फडावरून आणायला गाडी कोण देणार ते ठरवायचे.