अव्यवस्थेचे श्रेय

कलावंताच्या बेबंद जगण्यातून श्रेष्ठ कला जन्मते, ही स्वच्छंदतावादी धारणा रॉक संगीताच्या समीक्षेत आजही निर्वेधपणे वावरते. तिचा लाडका दाखला म्हणजे 'रोलिंग स्टोन्स' या ब्रिटिश बँडचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' (१९७२) हा १८ गीतांचा दुहेरी अल्बम. करांचा बोजा टाळण्यासाठी बँडने १९७१ मध्ये इंग्लंड सोडले. कीथ रिचर्ड्‌सने दक्षिण फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेल्या नेलकोट या बंगल्याच्या तळघरात ध्वनिमुद्रण सुरू झाले. यंत्रसामग्री बाहेर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये होती. तळघरातील उकाडा व दमटपणा असा, की गिटारी सुरात राहत नसत. वादक जमतील तेव्हा, बहुधा रात्री, काम चाले. बँडचा बासवादक बिल वायमन अनेक गीतांत नाहीच.

या अल्बमचा गढूळ, दाटीवाटीचा नाद त्या तळघराचाच आहे, हे मान्य करावे लागते. 'हॅपी' या गीताचे मूळ मुद्रण रिचर्ड्‌स, सॅक्सोफोनवादक बॉबी कीज आणि चक्क ड्रमवर बसलेला निर्माता जिमी मिलर अशा तिघांनीच उरकले. परंतु हा अपघात संगीतात रूपांतरित झाला तो कशामुळे? बँडची स्थापना १९६२ ची. जवळजवळ दहा वर्षांच्या सहवादनाने हातात मुरलेली लय तेथे आधीच हजर होती. शिवाय या मुद्रणांवर पुढे लॉस एंजेलिसमध्ये कित्येक महिने संस्कार झाले. आवाज चढवले गेले, निवड झाली, मिश्रण झाले. आख्यायिकेला तळघर प्रिय. हे कष्टाचे महिने तिच्यात सहसा येत नाहीत. (साहित्यातही हस्तलिखितातील खाडाखोडीपेक्षा कवीच्या व्यसनाची चर्चा अधिक रंगते.)

बीटल्सची जानेवारी १९६९ मधील विस्कळीत सत्रे 'लेट इट बी' होऊन बाहेर यायला १९७० उजाडले. मधल्या काळात त्याच चौघांनी, पूर्वीसारख्या पद्धतीने काम करायचे या जॉर्ज मार्टिनच्या अटीवर, 'ॲबी रोड' पूर्ण केला. अव्यवस्था हे जर कारण असते, तर तिचे कार्य इतके लहरी का? अव्यवस्थेतून वाया गेलेली सत्रे कोणी ऐकत नाही. जे टिकले, त्यावरूनच नियम काढला जातो.

खरा पेच मात्र नैतिक आहे. अव्यवस्थेने संगीत सुधारते असे गृहीत धरले, तरी तिची किंमत कोण मोजतो? नेलकोटमध्ये हेरॉइन होते. कोणी येईल म्हणून तासन्‌तास ताटकळणारे ध्वनिमुद्रक होते. लहान मूलही होते. या साऱ्यांच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा आणि भीती 'प्रतिभेची लहर' या नावाखाली जमा करणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चावर उदार होणे होय. त्या उन्हाळ्यातील पाहुण्यांपैकी ग्रॅम पार्सन्स हा गायक १९७३ मध्ये मॉर्फिन व मद्याच्या अतिसेवनाने वारला, वयाच्या २६ व्या वर्षी. त्याच्या मृत्यूचा दोष त्या बंगल्यावर टाकता येणार नाही. पण ज्या तर्काने अल्बमचे श्रेय त्या घराला दिले जाते, तो तर्क पार्सन्सपाशी येऊन अचानक सावध का होतो, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनीच सांगावयास हवे.