जमीन माझी, पाणी कोणाचे?

उन्हाळ्याच्या दिवसांत जळोचीच्या एका कुटुंबाकडे प्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि घरच्या कर्त्या गृहस्थांनी मनातली गोष्ट काढली. त्यांच्या विहिरीने तळ गाठला होता. बोअरचे यंत्र दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि चारशे फूट खाली जाण्याचा बेत होता. बांधापलीकडे त्यांच्या चुलतभावाची विहीर होती. तिच्यात अजून परसभर पाणी शिल्लक होते. ते म्हणाले, "फादर, जमीन माझी, पैसा माझा. खाली पाणी लागलं तर तेही माझंच ना? मग यात पाप कसलं?"

पाप हा शब्द आम्ही उच्चारलाही नव्हता. तो त्यांच्याच तोंडून आला, याचा अर्थ त्यांच्या मनात आधीच काही सलत होते. त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले त्याने आमचेही समाधान झाले नाही. म्हणून हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भातले पाणी उपसण्याचा व वापरण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या काळी मोटेने पाणी काढीत. बैलांच्या ताकदीला मर्यादा होती आणि ती मर्यादाच शेजाऱ्याचे रक्षण करीत असे. पुढे विजेचा पंप आला, बोअरचे यंत्र आले. मालकाचा हक्क तोच राहिला, परंतु आता एका रात्रीत शेजाऱ्याची विहीर कोरडी करता येते. भूगर्भातल्या पाण्याला बांध ठाऊक नसतो. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे हेही त्याला ठाऊक नसते.

पवित्र शास्त्रात विहिरींची भांडणे आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचे चाकर विहीर खणतात आणि गरारचे गुराखी पाण्यावर हक्क सांगतात. दुसरी खणतात, तिच्यावरूनही तंटा होतो. तिसऱ्या ठिकाणी भांडण होत नाही, म्हणून इसहाक त्या विहिरीला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव देतो. भांडण टाळण्यासाठी पुढे सरकत राहणे इसहाकाला शक्य होते. बारामती आणि इंदापूरच्या माणसाने कोठे सरकावे? जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पावसाचा हा प्रदेश. त्याचा एक भाग नीरेच्या कालव्यावर बागायत झाला, उरलेला जिरायतच राहिला. येथे आता रहोबोथ शोधायचा तर तो नियमांतच शोधावा लागेल.

परंतु नियम कोणी करावेत? लोकशाहीत बहुमताने, असे आपण चटकन म्हणतो. येथे एक अडचण आहे. गावातील बहुतेकांना ऊसच हवा असेल तर बहुमत उसाच्या बाजूने जाईल. ज्या मायमाऊलीच्या नावावर सातबारा नाही, पण हंडा मात्र तिच्याच डोक्यावर आहे, तिचा आवाज त्या बैठकीत क्षीण असतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा तेथे हजर नसतो. अजून जन्माला न आलेल्या लेकराला मत नसते. आणि नदी, चिंकारा, माळरानाचे गवत यांना तर वाचाच नाही. ज्या निर्णयाचे परिणाम या सर्वांनी भोगायचे, त्यात यांचे काहीच म्हणणे नसेल तर त्या बहुमताला न्याय म्हणता येत नाही. निसर्गासह नांदणारी लोकशाही हवी असेल तर गैरहजर असलेल्यांसाठी एक जागा राखून ठेवावी लागते. कायद्याचे खरे काम ते आहे, असे आम्हाला वाटते.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच घडले. कऱ्हा नदी पुरंदरमधून बारामतीकडे येते. त्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, 1972 च्या दुष्काळाने व्यथित झालेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी मंदिराची सुमारे 40 एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि पाणी अडविण्याचे प्रयोग आरंभिले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे होते, पण मुळाला हात घालणारे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य. पाणी वाटणारा पाटकरी गटाने नेमायचा.

यामागे सरकारचा हुकूम नव्हता. ज्यांना पाणी हवे होते त्यांनीच स्वतःवर बंधन घालून घेतले. एकोणिसाव्या शतकातील कायद्याने पाणी जमिनीला बांधले होते. कोरडवाहू गावांतल्या या माणसांनी ते सोडवून माणसाला बांधले. पृथ्वीवरील धन सर्वांसाठी आहे, ही दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेची शिकवण आम्ही सेमिनरीत पाठ केली होती. तिचा व्यवहारी अर्थ आम्हाला पाणी पंचायतीच्या नियमांत दिसला.

तथापि हे चित्र रंगवून सांगणे बरे नव्हे. त्यातील सर्वच योजना टिकल्या नाहीत. संमतीवर उभी असलेली व्यवस्था संमती सुटताच खचते. मी ऊस लावला नाही आणि शेजाऱ्याने लावला, तर माझा संयम हा त्याचा नफा ठरतो. चांगुलपणाची अशी शिक्षा माणूस किती दिवस सोसणार? येथेच शासनाच्या कायद्याची गरज लागते. महाराष्ट्रात 1993 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरहून खोल विहिरींना प्रतिबंध केला. तो कायदा 2014 मध्ये अमलात आला. आमच्या यजमानांचा चारशे फुटांचा बेत त्या मर्यादेच्या दुप्पट होता. त्यांना हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही ठाऊक नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची जी लक्षणे सांगितली त्यांत सर्वांचे हित हे एक आहे आणि लोकांपर्यंत तो जाहीर होणे हेही एक आहे. ज्यांनी पाळायचा त्यांना जो ठाऊकच नाही, ज्याच्या घडणीत त्यांचा हात नाही, तो कायदा राजपत्रात पडून राहतो आणि बोअरचे यंत्र रात्री येते. कायद्यावाचून संमती दुबळी आहे आणि संमतीवाचून कायदा मुका आहे.

आपल्या राज्यघटनेत 1976 साली निसर्गाच्या रक्षणाचे कर्तव्य राज्यावरही घातले गेले आणि नागरिकांवरही. 1996 मध्ये बियास नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे असे तत्त्व मान्य केले. न्यूझीलंडमध्ये 2017 साली वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन पालक नेमले, एक शासनाचा व एक त्या नदीकाठच्या माओरी लोकांचा. जिला वाचा नाही तिच्यासाठी बोलणारे माणूस नेमणे, एवढीच ती गोष्ट आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या परिपत्रकात पिण्याचे स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आणि त्याला विक्रीची वस्तू करण्याविरुद्ध इशारा दिला.

जळोची नगरपरिषदेत गेल्यामुळे तिची ग्रामसभा राहिली नाही. जेथे कोणीही उभे राहून विचारू शकत होते, ती जागा गेली. प्रभागातील सभेचा आग्रह धरणे, भूजलाचा कायदा वाचून शेजाऱ्यांना सांगणे, विहिरींची पातळी वहीत नोंदवून ठेवणे ही कामे धर्मग्रामातील कुटुंबांनी हाती घ्यावीत अशी आमची विनंती आहे. यात आपण सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांबरोबर असावे, कारण पाण्याला धर्मही ठाऊक नाही.

त्या दिवशी आम्ही यजमानांना इतकेच म्हणालो, की बोअर घेण्यापूर्वी चुलतभावाशी बोला. ते थोडे थांबून म्हणाले, "मी थांबलो, अन् त्यानंच घेतली तर?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकट्या माणसाजवळ ते असूही शकत नाही. दोघांनी एकाच वेळी थांबण्याचे वचन द्यावे आणि ते वचन मोडणाऱ्याला विचारणारे कोणी असावे, तरच ते उत्तर निर्माण होते. दुसऱ्या दिवशी यंत्र आले नाही. पुढच्या रविवारी दोघे भाऊ मिस्सानंतर आमच्याकडे आले आणि तो भूजलाचा कायदा मराठीत कोठे मिळेल, असे विचारू लागले.