पंचाला न दिसलेला हात



मिरोस्लाव क्लोझे ह्याचा जन्म १९७८ साली पोलंड देशातील ओपोले नगरी झाला. तो आठ वर्षांचा असता जर्मनीत आला. तेव्हा त्यास तेथील भाषेचे दोनच शब्द येत होते. पुढे तो सुतारकाम शिकला, आणि २००१ साली त्या देशाच्या फुटबॉल संघात दाखल झाला. जर्मनीसाठी त्याने १३७ सामन्यांत ७१ गोल केले, आणि २०१४ साली त्याचा संघ जगज्जेता झाला.

परंतु आम्ही त्याची आठवण करतो ती ह्या आकड्यांसाठी नव्हे. २०१२ साली इटलीतील नेपल्स येथे तो लात्सिओ संघाकडून खेळत असता चेंडू त्याच्या हाताला लागून गोलात गेला. पंचाने गोल दिला. तेव्हा क्लोझेने स्वतः खरे काय ते सांगितले, व गोल रद्द झाला. प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी त्याचे आभार मानले. तथापि सामना त्याचा संघ ०-३ असा हरला.

सत्य बोलल्याने विजय मिळतोच असे नाही, हे आपण ओळखून असावे. परमुलखात जागा मिळविलेल्या मनुष्यास ती गमावण्याचे भय अधिक असते. म्हणून मुके राहण्याचा मोहही अधिक होतो. आपण बाजारात माप घालतो, चावडीवर साक्ष देतो, मंडळीचा हिशेब लिहितो, तेव्हा पुष्कळदा पाहणारा कोणी नसतो. त्या वेळी आपण काय करतो? मनुष्यास न दिसलेले देव पाहतो. तर कोणी विचारण्यापूर्वीच आपण सत्य सांगू या.